एक सोडून मोजणी

गच्चीवरच्या काळ्या टाकीत दिवसभर तापलेलं पाणी संध्याकाळी नळाला येतं तेव्हा हात पोळतो. मुकुंदवाडीतल्या माझ्या शेजारणी त्यावर वैतागतात. मी घाबरते. एप्रिल लागला की त्या पोळणाऱ्या पाण्याखाली हात धरून मी उगाच उभी राहते आणि माझ्या डोक्यात इथून एक दिवस नि एक रात्रीच्या वाटेवरचा समुद्र येतो.

माझं काम ऐकून लोक आधी हसतात. मी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि दरवर्षी उन्हाळ्यात एकदा व दिवाळीनंतर एकदा सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला जाऊन पाण्याखालची प्रवाळं तपासते. तीच जागा, तीच प्रवाळं, वर्षामागून वर्षं. कुठलं वाढलं, कुठलं झिजलं, कुणाचा रंग उडाला, कुणावर शेवाळ चढलं, एवढंच बघायचं. स्टेशनला सोडणारा रिक्षावाला माझ्या पिशवीतले पाण्यात घालायचे लांब रबरी पाय बघून म्हणाला होता, "मॅडम, इधर नल कू पानी नै, और तुम समंदर कू चले." खालच्या मजल्यावरच्या काकूंना तर मी येताना एखादं पोवळं आणावं असं फार वाटतं. त्यांच्या मुलाला मंगळ आहे.

ही प्रवाळं म्हणजे दगड नव्हेत, एकमेकांना चिकटून राहणारे बारके जीव आहेत. त्यांच्या कातडीत त्याहून बारीक शेवाळ राहतं. तेच त्यांना रंग देतं आणि जेवायलाही घालतं. पाणी नेहमीपेक्षा थोडं जरी जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, तर हे शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. पांढरं म्हणजे उपाशी. पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो. नाही निवलं तर नाही.

आता माझ्या घरची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आम्ही मेंढरंवाले. फुलंब्रीच्या पलीकडे गाव. माझे आबा अजून थोडी मेंढरं राखून आहेत. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरताना ते तोंडाशी उभे राहतात आणि नुसते बघतात. मोजत नाहीत. जितराब बोटानं मोजलं की कमी होतं, असं आमच्यात पक्कं आहे. कुणी विचारलंच, किती आहेत, तर उत्तर एकच, "हायेत की." आणि ज्या दिवशी मोजल्यावाचून गत्यंतर नसतं त्या दिवशी एक सोडून मोजायचं. ते एक देवाचं. खुणेसाठी सगळ्या मेंढरांच्या कानाला कातर मारलेली असते, देवाच्या मेंढीचा कान तेवढा अख्खा असतो. ती बहुतेक कळपातली सगळ्यात देखणी असते. जे कधीच गमवायचं नाही, त्याला हिशेबात धरायचंच नाही.

मी शिकले, शहरात आले, मुलांना उत्क्रांती शिकवते. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही. पण पहिल्या वर्षी प्रवाळांशेजारी खडकात खिळे ठोकून क्रमांकाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांना पट्ट्या लागल्या आणि एक राहिलं.

ते सगळ्यात मोठं होतं. उताराच्या कडेला, लग्नातल्या भाताची कढई पालथी घातल्यासारखं, मधाच्या रंगाचं. अशी प्रवाळं वर्षाला बोटाच्या पेराएवढीही वाढत नाहीत, म्हणजे माझ्या पणज्याच्याही आधी कधीतरी ते तिथं बसलेलं असणार. मी हातोडी घेऊन त्याच्यापाशी गेले, जरा वेळ थांबले आणि पुढच्याकडे गेले. विसरले नव्हते. मुद्दाम ठरवलंही नव्हतं. हात गेला नाही, इतकंच.

या कामात माझ्याबरोबर माझ्याच विभागातली एक सहकारी आहे. ती पाण्यात उतरत नाही. बोट लागते म्हणून ती होडीत डोळे मिटून लिंबू हुंगत बसते, पण मी वर आणलेल्या एकेका फोटोवर घरी संगणकासमोर बसून ती जसा जीव ओतते, तसं मला जमणार नाही. प्रत्येक क्रमांकाच्या प्रवाळावर पांढऱ्या नळ्यांची चौकोनी चौकट ठेवून मी फोटो काढते. त्या चौकटीत जिवंत किती, पांढरं किती, शेवाळाखाली किती, हे ती ठरवते. तिचे पूर्वज निजामाच्या काळापासून दफ्तर सांभाळणारे. ती थट्टेनं म्हणते, "आमच्याकडे लिहिलं नाही ते घडलंच नाही." मी तिला म्हणायचे, "आमच्याकडे लिहिलं की घडतं." दोघी हसायचो. माझ्या बोलण्यात थट्टा थोडीच होती हे तिला ठाऊक नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. समुद्राच्या उष्णतेचे नकाशे हल्ली फोनवर दिसतात. आमचा किनारा पिवळ्याचा नारिंगी झाला, नारिंगीचा लाल. मी वर्गात शिकवता शिकवता फोन बघायची. स्वयंपाक करताना बघायची. लाल रंग हलेना. मे महिन्यात आम्ही गेलो.

खाली गेलं की पाणी गार लागतं, थरामागे थर बदलतो, ती माझ्या ओळखीची गोष्ट. त्या दिवशी थर बदललाच नाही. वरपासून खालपर्यंत आंघोळीचं कोमट पाणी. सोबतीला होडीवरचा पाणबुड्या होता. तो नेहमी मला आधी पट्ट्यांकडे नेतो, पण मी त्याला सोडून सरळ उताराच्या कडेला गेले.

ते पांढरं होतं. चुना फासलेल्या भिंतीसारखं, वरपासून तळापर्यंत. आणि खोटं कशाला बोलू, ते सुंदर दिसत होतं. त्या सुंदर दिसण्याचीच मला जास्त भीती वाटली. आजूबाजूची बारकी प्रवाळंही पांढरी. मासे नेहमीसारखे फिरत होते, जणू काही झालंच नव्हतं.

मग माझा श्वास गेला. तोंडातल्या नळीतून हवा व्यवस्थित येत होती, छातीला ती पुरत नव्हती. पोहायला मी मोठेपणी शिकले. आमच्या घराण्यात पाणी गुडघ्याच्या वर गेलं की माणसं मागं फिरतात, आणि त्या क्षणी माझ्या अंगातली सगळी पिढीजात भीती एकदम जागी झाली. मला वर जायचं होतं, आत्ता, ताबडतोब. पाणबुड्यानं माझा दंड घट्ट धरला, डोळ्यांसमोर बोट धरून सावकाश, सावकाश अशी खूण केली आणि मला हळूहळू वर आणलं. होडीच्या कडेला धरून मी ओकले. लिंबू हुंगणारी सहकारी माझी पाठ चोळत बसली.

दुसऱ्या दिवशी मी उतरले नाही. पाणबुड्या एकटाच कॅमेरा नि चौकट घेऊन गेला आणि पट्ट्या बघून बघून सगळे फोटो काढून आला. "सगळे क्रमांक आले," सहकारी समाधानानं म्हणाली. मी मान हलवली. ज्याला क्रमांक नाही त्याच्याकडे तो कशाला जाईल?

त्यानंतर पावसाळा. जूनपासून समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं, होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवतात. चार महिने खाली काय चाललंय ते कुणालाही दिसत नाही. माझी अर्धी भीती याच महिन्यांची आहे. दवाखान्यात आत नेलेल्या माणसाची बातमी यावी म्हणून बाकावर बसून राहावं, आणि दार चार महिने उघडूच नये.

जुलैत एका रविवारी सहकारी घरी आली. तिनं सगळ्या वर्षांचे आकडे एका तक्त्यात मांडले होते आणि तिला चहाआधी ते दाखवायचे होते. ती बोलत होती, मी बघत होते. शेवटी ती म्हणाली, "मोठ्या घुमटाच्या जातीची आपल्याकडे एवढीशीच पिल्लं आहेत. एखादं जुनं, मोठं असतं तर बरं झालं असतं. या उन्हाळ्यात ते कसं टिकतं ते कळलं असतं."

"आहे," मी म्हणाले.

"कुठंय?"

मग मला सगळं सांगावं लागलं. कान अख्खा असलेली मेंढी, बोटानं मोजणं, हातोडी घेऊन थबकणं. मी सांगत गेले आणि सांगता सांगताच मला कळत गेलं की हे किती वेड्यासारखं आहे. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं प्रवाळ आपल्या कामात नाहीच?"

"नाही."

"एक फोटो? कुठल्यातरी कोपऱ्यात?"

"नाही. मी चौकट तिकडं वळवलीच नाही कधी."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही, आणि ते जास्त लागलं. ती हळू आवाजात म्हणाली, "अगं, मग उद्या ते मेलं तर ते होतं हे तरी कोण सांगणार? तू एकटी?"

त्या दिवसापासून माझी भीती बदलली. आधी ते मरेल याची होती. आता ते मेलं तर त्याचं मरण कुठंच लिहिलं जाणार नव्हतं, याची होती. आणि ते बघायला माझ्याशिवाय कुणी जाणार नव्हतं, आणि मला पुन्हा पाण्यात उतरता येईल की नाही याची मला खात्री नव्हती. बादलीत तोंड बुडवून मी श्वास धरून बघायची. बादलीतसुद्धा छाती आवळायची. घाटीच्या दवाखान्यात नेऊन दाखवावं इतकं काही ते नव्हतं, पण हसण्यावारी नेण्याइतकंही राहिलं नव्हतं.

गणपतीच्या सुमारास आबा डोळे तपासायला शहरात आले. एका डोळ्याला पडदा आला होता. दवाखान्यातून आल्यावर डोळ्यात थेंब घालून ते खाटेवर पडले आणि मी शेजारी बसून लसूण सोलत होते. त्यांना माझं काम माझ्या सहकाऱ्यांपेक्षा सहज कळतं. पाण्यातली मेंढरं, असं ते म्हणतात.

"रोग आलाय म्हनं तुझ्या मेंढरांत?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"व्हय. पांढरी पडलीत."

"समदी?"

"लई."

"एक सोडलं व्हतंस का?"

मी त्यांना हे आजवर कधी बोलले नव्हते. "सोडलं व्हतं," मी म्हणाले.

"मंग झालं तर. देवाच्याला काय व्हत नाय." आणि ते कुशीवर वळले.

लाज वाटते सांगायला, पण मला त्या वाक्याचा आधार वाटला. तक्ते, नकाशे, वाचलेलं सगळं बाजूला राहिलं. पुढचे दोन महिने मी त्या एका वाक्यावर काढले. जुनी, मोठी प्रवाळं चिवट असतात हेही खरंच होतं, त्यामुळे माझ्या भाबडेपणाला शास्त्राचा कोट घालायची सोय झाली. देवाच्याला काही होत नाही. लेक्चरला जाताना, भाजी निवडताना, बसच्या रांगेत मी हेच मनात म्हणत असे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी तर अजून पाण्यात उतरलेही नव्हते.

दिवाळी झाल्यावर पाणी निवळलं आणि आम्ही गेलो. होडीत सहकारीनं लिंबू माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आज तुला जास्त गरज आहे." मी कडेवर बसले, नळी तोंडात धरली आणि काही केल्या मागं कलंडता येईना. पाणबुड्या पाण्यात तरंगत वाट बघत होता. तो घाई करत नव्हता. मला वाटलं, जोवर मी उतरत नाही तोवर ते जिवंत आहे. जोवर बघितलं नाही तोवर काही झालेलं नाही. वाटलं आणि लगेच कळलं की हीच ती आमची न मोजण्याची जुनी खोड, फक्त आता ती मला पाण्यात उतरू देत नव्हती. मी डोळे मिटले आणि मागं कलंडले.

पाणी गार होतं. त्या गारव्यानं मला रडू आलं, काचेच्या आत, जिथं डोळे पुसता येत नाहीत.

आधी पट्ट्या बघितल्या. काही गेली होती. काहींवर रंग परत आला होता, कडेकडेनं, फिकट, आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडावर यावा तसा. मला इतका आनंद झाला की मी पाणबुड्याचा हात दाबला. मग उताराच्या कडेला गेले.

आकार तोच होता. वर हिरवट-राखाडी शेवाळाचा जाड थर, त्यात गाळ बसलेला. मी हातमोज्यानं एका जागी थोडं पुसलं. खाली जुनाट हाड. दुसऱ्या जागी पुसलं. सगळीकडून फिरले, खालच्या सावलीच्या बाजूलाही बघितलं, जिथं काहीतरी वाचलेलं असायची शक्यता असते. काही नव्हतं. श्वास या वेळी गेला नाही. तो एकसारखा चालू होता, बुडबुडे वर जात होते, आणि मी तिथंच राहिले. ज्याची एवढी धास्ती घेतली ते होऊन गेलं होतं, बहुतेक त्या पावसातच, मी बादलीत तोंड बुडवत होते तेव्हा.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या खोलीतून आबांना फोन लावला. मागून मेंढरांचा आवाज येत होता, म्हणजे ती आत शिरत असावीत आणि आबा तोंडाशी उभे असावेत.

"बघितलीस?" ते म्हणाले.

"बघितली."

"किती ते नको सांगू. सोडलेलं तेवढं सांग. हाय ना?"

"गेलं, आबा."

मग ते म्हणाले, "देवाचं व्हतं. देवानं नेलं."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. प्रत्येक मेलेल्या मेंढीमागं, एकदा घरातल्या माणसामागंही. दरवेळी त्यापुढं रडणं थांबायचं आणि माणसं कामाला लागायची. त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबांवर मी कधी आवाज चढवला नव्हता, तो चढला.

"देवाचं नव्हतं, आबा. माझं व्हतं. आन् माझ्याजवळ त्याचा एक फोटू बी नाय. कसं व्हतं म्हनून कुनी इचारलं तर दाखवायला काय बी नाय."

फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणाले. सहकारी दारात उभी होती, ती आत आली नाही. मग आबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"मंग या खेपंला समदी मोज."

"काय?"

"समदी मोज म्हनलं. एक बी सोडू नको. बोट लावून मोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा उतरले. भीती होतीच, ती कुठं गेली नव्हती. सहकारीनं दिलेली नवी पट्टी नि खिळा कमरेच्या पिशवीत होता. उताराच्या कडेला जाऊन मी हातोडी काढली तेव्हा पाणबुड्यानं हात हलवून सांगितलं की हे मेलेलं आहे, इथं कशाला. मी मान हलवली आणि त्याच्या बाजूच्या खडकात खिळा ठोकला. पाण्यात हातोडीचा घाव हळू बसतो, म्हणून बराच वेळ लागला. मग त्यावर चौकट ठेवली आणि त्याचा पहिला फोटो काढला.

नंतर मी मागं वळले, त्या सगळ्यांच्या समोर आले आणि हात लांब करून बोटानं मोजायला लागले. मी मेलेल्यापासून सुरुवात केली.